बाळ अंगाशी बांधण्याची तीन साधने : इंदुरातल्या एका आजीचे परीक्षण

बाळाला अंगाशी बांधून वावरण्याची तीन साधने गेल्या काही महिन्यांत आमच्या घरात आली आणि तिन्हींवरून घरात भरपूर चर्चा झाली. पहिली रिंग स्लिंग, म्हणजे दोन कड्यांतून ओवलेले लांब सुती कापड, जे एका खांद्यावरून तिरके घेऊन त्यात बाळ बसवतात. ती मुलीने मागवली. दुसरे कमरपट्टा आणि दोन खांदेपट्टे असलेले, बकलांनी बंद होणारे कॅरियर. ते मुलाने आणले. तिसरी ‘कांगारू बॅग’. राजवाड्यालगतच्या बाजारात दुकानांबाहेर टांगलेली दिसते ती, आणि ती आमच्या यजमानांनी कोणालाही न विचारता घेतली. मी अनेक वर्षे मुलींना शिवणकाम शिकवले असल्यामुळे कोणतीही शिवलेली वस्तू हाती आली की आधी ती उलटी करून टीप पाहण्याची मला खोड आहे, आणि हे परीक्षणही उलट्या बाजूनेच सुरू होते. आमच्याकडची तिन्ही साधने कोणत्या कंपन्यांची आहेत ते सांगत नाही, कारण आमचा अनुभव एकेका नगाचा आहे. कोणता प्रकार घ्यावा आणि कोणता घेऊ नये, एवढे मात्र त्यावरून खात्रीने सांगता येते.

कांगारू बॅगेचा निकाल लवकर लागतो, म्हणून ती आधी घेते. बाळाच्या दोन्ही पायांमधून जाणारी तिची पट्टी जेमतेम चार बोटे रुंद आहे. त्यामुळे सगळा भार जांघेत येतो, मांड्या अधांतरी राहतात आणि पाय सरळ खाली लोंबतात. जन्मतः खुब्याच्या सांध्याची वाटी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते आणि पहिले काही महिने तिची घडण चालू असते. या काळात मांड्या फाकलेल्या, गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर आणि मांडीला गुडघ्याच्या लवणीपर्यंत आधार, अशी बैठक असावी, असे खुब्याच्या विकारांवर काम करणारी इंटरनॅशनल हिप डिस्प्लेसिया इन्स्टिट्यूट ही संस्था सांगते. निरोगी मूल अशा पट्टीत थोडा वेळ बसल्याने अधू होईल, असे मी म्हणत नाही; पण ज्याचा खुबा मुळातच सैल आहे त्याच्यासाठी ही बैठक चुकीची, आणि खुबा सैल आहे की नाही हे घरच्या घरी पाहून कळत नाही. शिवणीविषयी तर बोलायलाच नको. खांद्याचा पट्टा मुख्य कापडाला एका सरळ टीपेने जोडलेला होता, टीपेच्या शेवटी दोरा उलट फिरवून पक्का केलेला नव्हता आणि लोंबणारे टोक मी चिमटीत धरून ओढले, तेव्हा तीन टाके सहज निघाले. ज्या जोडावर जिवंत मुलाचे वजन पेलायचे आहे तेथे चौकोन शिवून त्यात फुली मारलेली टीप हवी, हे शिवणाच्या पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा सांगेल. विक्रेत्याने यजमानांना सांगितले होते, “बाबूजी, सब यही ले जा रहे हैं.” त्यात खोटे काहीच नाही; ती स्वस्त आहे आणि खोक्यावरचे चित्र गोजिरवाणे आहे. सध्या नातीची बाहुली तिच्यात बसते.

रिंग स्लिंगकडे मात्र सावकाश पाहिले पाहिजे. आमच्याकडची स्लिंग सुमारे दोन मीटर लांब, पाऊण मीटरच्या आतबाहेर पन्ह्याची, हातमागाच्या जाड सुताची आहे आणि तिची वीण तिरकस आहे. ही वीण शोभेसाठी नसते. असे कापड उभ्या-आडव्या दिशेने ताणले तर ताणत नाही, पण तिरके ओढले की किंचित नमते. त्यामुळे ते बाळाच्या पाठीच्या गोलाव्यावर बसते आणि तरीही दिवसभरात सैल होत नाही. कडी ॲल्युमिनियमची, बिनजोडाची आहेत. कड्यावरून नख फिरवून पाहावे; कोठे खाच किंवा सांधा लागला तर ते कडे पडद्याच्या किंवा पर्सच्या कामाचे समजावे. खांद्यावर येणारा भाग चुण्यांचा आहे की घड्यांचा, हेही पाहून घ्यावे. चुण्यांचा भाग खांद्यावर पसरतो आणि भार वाटला जातो. घड्यांचा भाग नीटस दिसतो, पण अरुंद खांद्याच्या बाईला तो मानेशी टोचतो.

बांधण्याची रीत पहिल्या प्रयत्नात जमत नाही, आणि या प्रकाराविषयीच्या निम्म्या तक्रारी तेथूनच निघतात. कड्यांतून बाहेर आलेले पदराचे टोक सगळे एकदम खाली ओढले तर मधले कापड तेवढे घट्ट होते आणि दोन्ही काठ सैल राहतात. साडीच्या निऱ्या करताना जशी एकेक घडी चिमटीत सारखी करावी लागते, तसा येथे एकेक पट्टा वेगळा ओढायचा असतो : वरचा काठ बाळाच्या मानेशी येईल इतका, खालचा काठ दोन्ही गुडघ्यांखाली जाऊन अडकेल इतका, आणि मधले कापड बुडाखाली खोळ होऊन बसेल असे. मुलीला ज्यांनी स्लिंग विकली त्यांनी व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून ती बांधून घेतली आणि चुकले तेथे पुन्हा सोडून बांधायला लावली. ही सोय कापडापेक्षाही मोलाची आहे आणि ती न देणाऱ्याकडून रिंग स्लिंग घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सोल, अनमोल, कोलकोल अशा कंपन्यांचे देशी बनावटीचे पर्याय आता घरबसल्या मागवता येतात. कोणाकडूनही घेतले तरी बांधणी तपासून देणार का, हे पैसे भरण्याआधी विचारावे.

मला ओळखणाऱ्या बायका विचारतात, की जुन्या महेश्वरीची स्लिंग शिवून द्याल का. महेश्वर इंदुरापासून जवळ आणि घरोघरी एखादी महेश्वरी असतेच, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. पण रेशीम आणि सूत मिळून विणलेले ते झुळझुळीत कापड कड्यांत धरून राहत नाही, हळूहळू सरकते, आणि खांद्यावर त्याची दोरी होते. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून जाड सुती कापड आणून शिवणे शक्य आहे, पण कडी, दोरा आणि जोड यांची वजन लावून चाचणी करण्याचे साधन माझ्याकडे नाही, म्हणून मी नकार देते. अमेरिकेत २०१८पासून स्लिंगसाठी सुरक्षेचे मानक बंधनकारक आहे आणि युरोपातही कापडी कॅरियरसाठी वेगळे मानक आहे. आपल्याकडच्या विक्रेत्याने त्यांपैकी एखाद्या मानकानुसार चाचणी करून घेतली असेल तर तसा उल्लेख सहसा लेबलावर असतो, तो शोधावा.

या मानकांमागे दुःखद इतिहास आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१०मध्ये इशारा दिला, की मागच्या वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित निदान चौदा बालमृत्यू झाले आणि त्यांतली बारा बाळे चार महिन्यांच्या आतली होती. कारण समजून घेतले तर धोका टाळता येतो. तान्ह्या बाळाने मान धरलेली नसते. पिशवीसारख्या खोल स्लिंगमध्ये ते गोळा होऊन बसले, की हनुवटी छातीला टेकते, अरुंद श्वासमार्ग दबतो आणि बाळ न रडता गुदमरते; किंवा नाकातोंडाशी कापड येते. म्हणून बाळ उभ्या स्थितीत, इतके वर बांधावे की मान किंचित खाली केली तरी त्याच्या टाळूचा पापा घेता यावा. त्याचा चेहरा सतत दिसावा, हनुवटी आणि छाती यांत बोटभर अंतर राहावे, पाठीला आधार असावा आणि कापड घट्ट असावे. दूध पाजताना बाळ खाली सरकवले असेल तर पाजून झाल्यावर पुन्हा वर घ्यावे. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले, कमी वजनाचे किंवा सर्दीने नाक चोंदलेले बाळ असेल तर बालरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय बांधूच नये. आमच्या घरी एकजण टोपडे पुढे ओढून बाळाला ऊन लागू नये म्हणून पदर तोंडावर टाकत असे. ती सवय मोडायला लागली.

आता मतांकडे येते. थोरल्या जाऊबाईंनी मुलीला स्लिंग बांधलेली पाहिली आणि म्हणाल्या, “हे काय मजुरणीसारखं बांधून घेतलंस?” इंदुरात बांधकामावर झाबुआ, अलीराजपूर, धार या भागांतून आलेल्या आदिवासी बाया दिसतात आणि त्यांच्या अंगाशी लुगड्याच्या फडक्यात मूल असते. मध्यमवर्गीय घरांना स्लिंगची जी लाज वाटते तिचे मूळ येथे आहे. पाय वाकडे होतील, पाठ धरेल, ही कारणे मागाहून येतात. त्याच जाऊबाईंच्या बैठकीत घोड्यावर बसलेल्या, पाठीशी मूल बांधलेल्या झाशीच्या राणीची तसबीर आहे, हे मी त्यांना सांगितले नाही, थोरल्या आहेत. गंमत अशी, की ज्या देशांतून हा माल आला असे आपण समजतो त्यांनीही तो गरीब घरांच्या आयांकडूनच उचललेला आहे. पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संस्थेतर्फे परिचारिका म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात राहिलेल्या ॲन मूर यांनी तेथील आया पाठीशी मुले बांधतात ते पाहिले आणि अमेरिकेत परतल्यावर आईच्या मदतीने तशी झोळी शिवून १९६९मध्ये तिचे पेटंट घेतले. जर्मनीत एरिका हॉफमन यांनी जुळ्या मुलींना वागवण्यासाठी मेक्सिकोतल्या बायकांची रेबोझो ही ओढणी वापरली आणि १९७२मध्ये त्यातूनच धंदा उभा केला. कड्यांची स्लिंग १९८१च्या सुमारास हवाई बेटांवर रेनर गार्नर या नवऱ्याने बायकोसाठी तयार केली. आता तीच वस्तू अडीच-तीन हजार रुपयांना आपल्याकडे येते आणि तेवढ्यापुरती प्रतिष्ठित होते.

पाय फेंगडे होतील ही भीतीही निराधार आहे. जवळजवळ सर्वच मुलांचे पाय पहिली दीड-दोन वर्षे बाहेरच्या बाजूला वाकलेले दिसतात आणि वाढीबरोबर सरळ होतात. स्लिंग असो वा नसो.

“हाताची सवय लागेल” हा आक्षेप मात्र मी झटकून टाकत नाही, कारण तो घरोघरी आहे आणि आमच्या सुनेचाही तोच आहे. मॉन्ट्रियलमधील हंझिकर आणि बार यांनी १९८६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही आयांना बाळ रडो वा न रडो, रोज निदान तीन तास अधिक अंगाशी घ्यायला सांगितले होते. सहा आठवड्यांच्या वयात ती बाळे इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती आणि संध्याकाळच्या वेळी तर फरक निम्म्याहून अधिक होता. मुलगी हा आकडा सर्वांना ऐकवते. पण आमच्या रामबागेतल्या जुन्या घरात मूल सकाळी आत्याच्या कडेवर, दुपारी काकूच्या मांडीवर आणि दिवेलागणीला शेजारच्या आजींच्या खांद्यावर असे. एकट्या आईला ते दिवसभर वागवावे लागत नसे, म्हणून ‘हाताची सवय’ हा प्रश्नच कोणाला जाचला नाही. मुलीच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दुपारी ती आणि बाळ, एवढीच दोन माणसे. तेथे स्लिंग म्हणजे घरातून गेलेल्या हातांची भरपाई आहे. तिने ती वापरावी, जरूर वापरावी. फक्त गॅसजवळ फोडणी करताना आणि गरम चहा पिताना नको.

सुनेची गोष्ट वेगळी. ती आमच्याबरोबर राहते, घरात आम्ही दोघे दिवसभर रिकामे, आणि मूल घ्यायला हात पुढेच असतात. ती मला म्हणते, “अहो आई, त्याला खाली राहू द्या ना, लोळू द्या जरा.” मुलगी यावर रुसते आणि वन्संचे रुसणे आम्हा सर्वांना सांभाळावे लागते, पण पुरावा सुनेच्या बाजूनेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे, की तान्ह्या बाळाला बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा सांभाळणाऱ्याच्या पाठीवर एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, आणि जे अजून रांगत नाही त्याला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पोटावर ठेवावे. म्हणजे सतरंजीलाही तिचा वेळ दिला पाहिजे. ज्या घरात हात पुष्कळ आहेत तेथे कॅरियर बाहेर जाण्यापुरते काढावे, हे सुनेचे धोरण मला पटते. तिची बाबागाडी मात्र पटत नाही. आमचे शहर २०१७पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात सातत्याने वर असले तरी स्वच्छ पदपथ आणि मोकळा पदपथ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उभ्या केलेल्या स्कूटरांमधून गाडीची चाके काढता काढता बाळापेक्षा आपणच रडकुंडीला येतो. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत किंवा बुधवारी खजराण्याच्या गणपतीला ती गाडी नेण्याचा विचारही करू नये.

तेथे बकलांचे कॅरियर कामाला येते. त्याचा कमरपट्टा रुंद आणि आतून भरीव आहे. तो पोटावर न बांधता कमरेच्या हाडावर बसवला, की भार खांद्यांवरून उतरतो. सिझेरियन झालेल्या सुनेने मात्र टाक्यांची जागा पूर्ण बरी होईपर्यंत तो लावला नाही, आणि ते योग्यच झाले. बैठकीची रुंदी आतल्या पट्टीने कमीजास्त करता येते. त्यामुळे तीन महिन्यांच्या नातवाला आणि चालत्या झालेल्या नातीला एकच नग पुरतो. या एका सोयीसाठी दोन पैसे जास्त द्यावेत. बकले तीन ठिकाणी दाबल्याशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे मुलाने चाळा केला तरी भीती नाही. स्वतंत्रपणे बसू लागलेल्या मुलाला त्यात पाठुंगळीही घेता येते. इंदूर-पुणे गाडी पकडताना एका हातात बॅग आणि दुसऱ्या हाताने जिन्याचा कठडा धरता येतो, हा लाभ प्रवास करणाऱ्यालाच कळेल.

उणिवा दोन आहेत आणि दोन्ही त्रासदायक आहेत. मुलगा उंच, सून ठेंगणी. एकाने काढून दुसऱ्याने घातले, की पाचही पट्टे पुन्हा जुळवावे लागतात, आणि तोवर बाळ आकांत मांडते. दुसरे उन्हाळ्याचे. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि या कॅरियरच्या आत फोमचे अस्तर आहे. मुलाच्या सदऱ्यावर आणि नातवाच्या झबल्यावर घामाचे सारखेच डबके होते, आणि धुतलेले अस्तर पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. मध्ये जाळी असलेला प्रकार थोडा बरा, पण जाळी पॉलिएस्टरची असते. उन्हाळी बाळासाठी मी सुती रिंग स्लिंगच निवडीन आणि त्याला आत एकच पातळ झबले घालीन, कारण कापडाचा एक थर स्लिंगनेच घातलेला असतो.

कॅरियर पुरुषाने घातले की लोकांचे मत कसे फिरते, हेही नोंदवण्यासारखे आहे. मुलीला ज्यांनी नावे ठेवली त्यांनीच छप्पन दुकानवर नातवाला छातीशी बांधून पोहे-जिलेबी खाणाऱ्या मुलाचे कौतुक केले. कौतुक करावे, हरकत नाही. पण त्या वेळी बाळाच्या टोपड्यावर किती शेव सांडली होती, ते कोणी पाहिले नाही. मुलाच्या पिढीतल्या काही बापांना अजून संकोच वाटतो आणि त्यांना काळ्या-करड्या रंगाचे, बकलांचे, ट्रेकिंगच्या पिशवीसारखे दिसणारे कॅरियर सोपे जाते, फुलाफुलांची स्लिंग नाही. बाप मूल वागवणार असेल तर रंगाचा हा हट्ट पुरवावा.

एका गोष्टीवर आमच्या घरात सर्वांचे एकमत आहे : यांपैकी काहीही बांधून दुचाकीवर बसायचे नाही. इंदुरात हे दृश्य रोज दिसते. पुढे चालवणारा, मागे आई, आणि तिच्या छातीशी कॅरियरमध्ये बाळ. फेब्रुवारी २०२३पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको. तो पट्टा तीस किलो वजन पेलणारा, त्याच कामासाठी बनवलेला असतो. बाळ वागवण्याचे कॅरियर ते काम करत नाही. पडल्यावर तर मोठ्या माणसाचेच वजन बाळावर येते. मोटारीतही त्याला लहान मुलांच्या आसनाचा पर्याय समजू नये.

दोन मुलांमागे वापरायचे असेल तर बकलांच्या चांगल्या कॅरियरचे चार-पाच हजार वसूल होतात. एकाच मुलासाठी आणि घरातल्या घरात वापरायचे असेल तर रिंग स्लिंग पुरे, आणि ती जुनी घेतली तरी चालते, किंबहुना धुऊन धुऊन नरम पडलेले कापड अधिक चांगले बसते. जुनी घेताना मात्र ती उजेडासमोर धरून पाहावी. विरलेली जागा लगेच कळते. कड्यावर ओरखडा नको आणि कड्यांजवळच्या टीपांच्या तिन्ही ओळी शाबूत हव्यात. मुलीची स्लिंग आता तिच्या मैत्रिणीला हवी आहे. तिसऱ्या ओळीतला दोरा एका जागी पिंजलेला मला दिसला. मुलगी म्हणाली, “आई, तूच मार ना एक टीप.” मी मारली नाही, ज्यांनी ती चाचणी करून विकली त्यांच्याकडेच दुरुस्तीला पाठवायला सांगितली, आणि कुरिअरचे पैसे दिले.